आजींचा पिंजरा

२ जून

पोचले एकदाची. अकरा तास बसमध्ये बसून कमरेचा पार भुगा झाला, पण घर बघितलं आणि राग गेला. मुलाला सरकारी घर मिळालंय, हिवताप कचेरीच्या वरच्या मजल्यावर. तीन खोल्या, नळाला पाणी, आणि जिकडे बघावं तिकडे बारीक तारेची जाळी. खिडक्यांना जाळी, दारांना जाळी, संडासाच्या झरोक्यालासुद्धा जाळी. आतल्या लाकडी दारांना खालून रबराची पट्टी, म्हणजे मुंगीलाही विचारूनच आत यावं लागेल. मी म्हटलं, मला आई म्हणून आणलंस की मैना म्हणून? मुलगा हसला नाही. साहेब झाल्यापासून त्याचं हसू वरून मंजूर होऊन यावं लागतं.

सून खाली कचेरीत दुर्बिणीला डोळा लावून बसते. गावात कुणाला ताप आला की बोट टोचून एक थेंब काचेवर घ्यायचा, आणि त्यात हिवतापाचा किडा आहे का हे हिनं शोधायचं. तीन वर्षं शोधतेय, एक सापडलेला नाही. काही सापडलं नाही की शाबासकी मिळते अशी नोकरी मी पहिल्यांदाच बघितली.

नात सहा वर्षांची. दिवसभर चिवचिव, म्हणून तिला चिमणीच म्हणतात. ही वही तिनंच दिली. रोज लिहायचं, ती तपासणार, शुद्धलेखनाला लाल पेन्सिल. माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळे तिला पेन्सिली बऱ्याच लागतील.

३ जून

फाटकाशी एक काळा फळा आहे. चौकीदार रोज सकाळी खडूनं त्यावर आकडा लिहितो. गावात हिवतापाचा शेवटचा रोगी निघाला त्याला किती दिवस झाले, तो आकडा. आज एक हजार बारा. एक हजार पंच्याण्णव झाले की तीन वर्षं पुरी, आणि पंचवीस ऑगस्टला परदेशातली मंडळी येणार. जगातून हा रोग हटवायचं काम करणारी. ती सगळं उलटंपालटं करून तपासणार आणि मग हिवताप गेला असा कागद मिळणार. मधल्या काळात इथल्या इथे एकालाही झाला तर फळा पुन्हा शून्यावर.

मुलगा जेवताना, दात घासताना, सगळीकडे तो आकडाच बोलतो. बापाला जुगाराचा नाद होता, ह्याला ह्याचा.

६ जून

दुपारी तीनच्या सुमाराला अंग मोडून आलं, हुडहुडी भरली. तासाभरात घाम येऊन मोकळी झाले. बसचा शीण. बोलले नाही कुणाला. ह्या घरात शिंकलं तरी सुई घेऊन येतात.

९ जून

कचेरीच्या मागच्या अंगाला डासघर आहे. म्हणजे डास पाळायची खोली. मी म्हटलं, ज्यांना मारायचं त्यांनाच पोसता? तिथला माणूस, त्याला सगळे पिंजरेवाला म्हणतात, मोठा मायाळू. अठरा वर्षं डास सांभाळतोय. त्यानं समजावलं की औषध लावलेल्या कागदावर हे डास सोडून बघतात, अजून मरतात का. मरेनासे झाले तर औषध बदलायचं.

पिंजरे हातभर लांबीचे, पांढऱ्या जाळीचे. पुढे कापडाची बाही शिवलेली, हात आत घालायचा आणि काढला की बाहीला गाठ मारायची. खोलीत अंधार, दमट. उभं राहिलं की कान किणकिणतात. मादीला अंड्यांसाठी रक्त लागतं, त्यासाठी एक ससा ठेवला होता, तो मेला. आता पिंजरेवाल्याच्याच दंडावर भागवतात, पण त्याला पुरळ उठलंय आणि दवाखान्यानं बंद करायला सांगितलंय.

परत वर आले तर पुन्हा तीच थंडी. तीनलाच. म्हातारपण घड्याळ लावून येतं म्हणायचं.

१२ जून

आज थंडीत डोळा लागला आणि धाकटी दिसली. माझी बहीण. साठ वर्षं झाली तिला जाऊन, सहाची होती, मी नवाची. त्या साली आमच्या गल्लीत हिवतापानं बारा दारांतली सात बंद केली. आम्ही दोघी एका पांघरुणात कुडकुडत होतो. ताप डोक्यात चढू नये म्हणून आईनं तिचे केस कापायला घेतले. एक बाजू झाली आणि ती गेली. दुसरी बाजू आईनं तशीच ठेवली, आणि तशीच तिला नेली. नवव्या दिवशी. मी उरले.

हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. सांगून काय, केस वाढणार आहेत?

स्वप्नात खिडकीच्या कठड्यावर पाय हलवत बसली होती. बोलली काहीच नाही.

१४ जून

आज कामाला लागले. पिंजरेवाल्याला म्हटलं, माझा दंड घे. दिवसभर बसून मला तरी काय करायचंय, आणि माझं रक्त मुरलेलं आहे, डासांनाही चव कळेल. तो आधी नको म्हणाला, मग म्हणाला, बघू. नियम असा की बाहेरून आलेल्याचं रक्त आधी दुर्बिणीखाली तपासायचं. ते सुनेकडे गेलं असतं, सुनेकडून साहेबाकडे, आणि साहेबानं आईला खुर्चीत बसवून ठेवलं असतं. म्हणून त्यानं नुसतं विचारलं, आजी, कधी हिवताप झाला होता का?

मी नाही म्हणाले.

साठ वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हाचा तर राजाही बदलला.

हात आत घातला. नुसत्या मुंग्या आल्यासारखं वाटतं. पंधरा मिनिटांत सगळ्या माद्यांची पोटं डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल. चिमणी दाराशी उभी राहून बघत होती. तिला म्हटलं, बाबाला सांगू नकोस. मान हलवली. गुपितं ठेवायला शहाणी आहे.

१५ जून

तीनला हात पिंजऱ्यात असतानाच थंडी आली. दात वाजायला लागले, पण हात काढला नाही. डासांनी काय केलंय त्यांना अर्धपोटी ठेवायला? पिंजरेवाल्यानं चिठ्ठी चिकटवली, ‘आजींचा पिंजरा’. माझ्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा काही झालं.

२४ जून

थंडी गेली ती गेलीच. मी पिंजरेवाल्याला म्हटलं, तुझ्या डासांनी वाईट रक्त ओढून घेतलं. तो हसला. फळ्यावर एक हजार तेहेतीस.

११ जुलै

माझे डास सगळ्यांत दणकट निघाले. बाकीचे पिंजरे तीन आठवड्यांत ओसाड पडतात, माझ्यात अजून साठेक आहेत. पिंजरेवाला त्यांना औषधाच्या कागदावर सोडत नाही. जीव होत नाही त्याचा. साखरपाण्याचा बोळा बदलतो आणि मुलीबाळींची करावी तशी चौकशी करतो.

१६ जुलै

चिमणीनं दंड दाखवला. लाल ठिपके, मोजून एकवीस. आजीसारखं केलं म्हणाली. मी दुपारी पडले होते, पिंजरेवाला जेवायला गेला होता, हिनं स्टूल ओढलं आणि हात घातला. अजिबात रडले नाही, म्हणाली. फुशारकी बापाची.

ओरडले तिला. पण पाठ वळल्यावर हसूही आलं. नुसते डास ते, पाळलेले. मलम लावलं, बाही खाली ओढली.

१७ जुलै

पिंजरेवाल्याचा चेहरा उतरलेला. चिमणीनं हात काढला पण बाहीला गाठ मारली नाही. आजींच्या पिंजऱ्यात नऊ उरलेत. बाकीचे गेले, दारानं, वाऱ्यानं, देव जाणे. साहेबांना सांगू नका म्हणाला, नोकरी जाईल. आणि मग स्वतःचीच समजूत काढली, त्यांच्यात काय आहे, आजी, तुमचंच तर रक्त.

मी म्हटलं, हो. माझंच.

२९ जुलै

आकडा एक हजार अडुसष्ट. कचेरीला रंग देतायत. मुलगा रंगाऱ्यांच्या मागे, सून जुन्या काचा पुसून डब्यांत लावतेय. गल्लीतल्या मुलांना गाणं शिकवतायत, पाहुण्यांसमोर म्हणायला. चिमणी पहिल्या ओळीत. घरभर तेच गाणं, कान किटले.

१० ऑगस्ट

चिमणीला शाळेतून परत पाठवलं. तीन वाजता कुडकुडायला लागली. दोन चादरी घातल्या तरी खाट हलत होती. पाचला घाम आला, उठून बसली, बिस्किट मागितलं.

सून म्हणाली, पावसात भिजली असेल. पाऊस आठवडाभर नाही.

११ ऑगस्ट

खेळतेय. काही झालंच नाही जसं.

१३ ऑगस्ट

पुन्हा. तीनला.

ती झोपल्यावर ही वही काढली. मागची पानं उलटली. सहा जून, तीन वाजता. नऊ. बारा. पंधरा. मधले दोन दिवस कोरे, मग थंडी. माझ्याच अक्षरात, खाली चिमणीची लाल पेन्सिल. हुडहुडी शब्दाला तिनं बरोबरची खूण केलीय.

आता चिमणीचं दहा. तेरा.

गल्लीत तेव्हा म्हाताऱ्या हेच म्हणायच्या. दोन दिवस सोडून येतो तो माणसाला सोडत नाही, नुसता आत जाऊन बसतो.

संध्याकाळी सुनेनं लेकीचं बोट टोचलं. खाली गेली ती दोन तास आलीच नाही. मी जिन्यावरून बघितलं, दुर्बिणीला डोळा लावून बसली होती आणि चाक फिरवत नव्हती. एकाच जागी बघत होती. मला बघून एवढंच म्हणाली, “आई, चिमणी ह्या गावाबाहेर कधी गेलीच नाही हो.”



१४ ऑगस्ट

भिंतीपलीकडून ऐकलं. ह्या तापाच्या गोळ्या कचेरीच्या कपाटात आहेत, पण मुदत संपलेल्या. तीन वर्षं लागल्याच नाहीत, कोण बघतो. दुकानांना ठेवायला बंदी. नव्या मागवायच्या तर वर नाव, वय, पत्ता कळवायचा. कळवलं की फळा शून्य, आणि तोही साहेबाच्या घरातून.

मुलगा म्हणाला, अकराच दिवस राहिलेत, अकरा दिवसांनी कुणी मरत नाही.

धाकटी नवव्या दिवशी गेली.

१६ ऑगस्ट

तीनला चिमणीची खाट हलायला लागली आणि त्याच वेळी माझे दात. दोघी एका खोलीत. कठड्यावर ती बसली होती. ह्या वेळी डोळा लागला नव्हता माझा. एका बाजूला वेणी, दुसरी बाजू खुंटासारखी.

मी म्हटलं, कुठून आलीस?

“तुझ्यातच होते की. तूच घेऊन फिरतेस.”

आवाज अगदी तेव्हाचाच.

१७ ऑगस्ट

सुनेपुढे बोट धरलं. काही न सांगता म्हटलं, बघ. दीड तासानं तिला एक सापडला, मग दुसरा. मलाही दाखवला. जांभळ्या ठिपक्यात आडवा पट्टा, कमरेला बांधतात तसा. चिमणीच्या काचेतही तसाच. सख्ख्या बहिणी.

मग सगळं सांगितलं. पिंजरा, दंड, माझं नाही म्हणणं. सून ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं माझं बोट कापसानं पुसलं आणि हात सोडून दिला.

१९ ऑगस्ट

मुलाला आम्ही दोघींनी सांगितलं. मी म्हटलं, म्हातारी बाहेरून घेऊन आली असं लिही, माझं नाव घाल, खाली सही करून देते, पण पोरीला गोळ्या मागव. त्यानं दोन्ही काचा मोरीत टाकल्या आणि वर पाय दिला.

चिमणीचा चेहरा सुजलाय. सकाळी डोळे उघडत नाहीत. लघवीला फेस.

आज तीनला पुन्हा.

२२ ऑगस्ट

पिंजरेवाला आला नाही. त्याची बायको आली, म्हणाली दुपारचा कुडकुडतो, पांघरूण पुरत नाही. समोरच्या धोब्याची सूनही तशीच. कधीपासून विचारलं. दोघांचा दिवस एकच.

मुलगा म्हणतो साथीचा सर्दीताप. कुणाच्या बोटाला सुई लावायची नाही, पंचवीसपर्यंत.

ती आता कठड्यावर नसते. चिमणीच्या उशाशी असते.

२३ ऑगस्ट

सून पहाटेच्या बसनं गेली. मोठ्या गावात तिच्याबरोबर शिकलेली एकजण आहे, तिच्याकडून गोळ्या आणणार. नवऱ्याला सांगितलं नाही. मला सांगितलं, “आई, पोरीवर नजर ठेवा. तुमच्याच भरवशावर.” पंचवीसला रात्री येईल.

माझ्या भरवशावर. बरं.

२४ ऑगस्ट

मी मुलाला म्हटलं, उद्या मी खाली जाणार, त्या परक्या मंडळींपुढे बोट धरणार. तुझा कागद गेला खड्ड्यात. धोब्याची सून, पिंजरेवाला, उद्या आणखी दहा. आमच्या गल्लीतही पहिले आठ दिवस सगळे सर्दीच म्हणत होते.

तो माझं ताट घेऊन गेला. मग बाहेरून कडी वाजली.

हा माझ्या पोटचा.

रात्री

दार हलवलं. जाळी हलवली. बाही नसलेला पिंजरा.

२५ ऑगस्ट, सकाळ

चौकीदारानं आकडा लिहिला. वरून दिसतो. एक हजार पंच्याण्णव, पण ओळ वाकडी गेलीय, शेवटचा पाच पार खाली घसरलाय. खडू दोनदा पडला त्याच्या हातातून. भर उन्हात अंगावर घोंगडं आहे त्याच्या.

चिमणी बाहेरच्या खोलीत. एकटी. मुलानं खिडकीखाली उभं राहून मला सांगितलं, संध्याकाळपर्यंत, आई. डोळे वर केले नाहीत.

दुपार

गाड्या आल्या. परकी मंडळी, एक पिकल्या केसांची बाई, सगळ्यांशी हात मिळवतेय. खुर्च्या, टेबल. गल्लीतली मुलं ओळीत. पहिल्या ओळीत एक जागा रिकामी.

ओरडले. ढोलताशात कोण ऐकतं.

मनगटावर एक डास बसलाय. शेपूट वर, माझ्या पिंजऱ्यातल्यांसारखी. मारला, रक्त निघालं, माझंच. दुसरा भिंतीवर. हे आत आले कुठून, इतकी जाळी असून. की बाहेर गेलेच नव्हते.

अडीच

दाराखालची रबराची पट्टी नखांनी उपटली. चार बोटं फट. वही जाईल. माणूस नाही जाणार.

चिमणीला हाक मारली. तीन हाका. चौथीला पावलं. घसटत.

सांगितलं, कडी काढ. हात पुरत नाही म्हणाली. स्टूल आण म्हटलं. उचलत नाही म्हणाली, अंग जड झालंय. बरं, मग नीट ऐक. ही वही देते, खाली जा, पिकल्या केसांच्या बाईच्या हातात दे. बाबाच्या नाही. बाईच्या. त्या लोकांना वाचून दाखवणारं कुणी असेलच. सगळं आहे ह्यात, तारखा आहेत. फळा पुसायला लावा. गोळ्या आणा. पिंजरेवाल्याला, धोब्याकडे, चौकीदाराला, सगळ्यांना. आणि मी इथं वर आहे, माझं रक्त घ्या, आधी माझंच

चिमणी म्हणते एकटी नाही जाणार. ती येतेय बरोबर.

कोण ती.

ती मुलगी, म्हणाली. खाली सगळ्या मुलांमध्ये जायचं म्हणते. गाणं येतं तिला. आजी, तिला एकाच बाजूला केस का आहेत?

मी हे चिमणीला कधी सांगितलेलं नाही. ह्या वहीतलं ते पान तिनं तपासलेलंच नाही, मी चिकटवून ठेवलं होतं, आणि ताप आल्यापासून तर वही तिनं उघडलेलीच नाही.

तीन वाजले. थंडी आली मला. अक्षर

चिमणे, तू तिचा हात धरू नकोस. एकटी जा. वही सरकवतेय, अर्धी बाहेर गेली, उरलेल्या अर्ध्यावर लिहितेय. पलीकडून ओढतेय. बाई गं, जोर किती. बोटं दिसतायत फटीतून. चिमणी तापानं फणफणलीय, तिचा हात गरम हवा. हा तर गार

चिमणे, सोड, तिला देऊ न—